आजच्यापुरतं सांगणारे ग्यानबादादा

ग्यानबादादा कुणाच्याही घरी गेले की जयभीम नंतर करायचे, आधी भिंतीला हात लावायचे. गुराच्या अंगावर ठेवावा तसा तळहात पसरून ठेवायचे. मग बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं आपली भिंत तपासावी हे कुणाला आवडेल? आमच्या शेजारच्या गयाबाईनं एकदा तोंडावर विचारलं.

"काय दादा, कशी हाय आमची भित?"

"आज उभी हाय."

"आज म्हंजी? उद्या पडती का काय?"

"उद्याचं उद्या सांगतो."

गयाबाई संतापली. घरात दाणा नाही आणि हा माणूस वरून भिंत पाडायला आलाय, असं ती सगळ्या वस्तीला सांगत फिरली. ती भिंत पुढं कित्येक वर्षं उभी होती. गयाबाई गेली तेव्हाही उभी होती. पण दादांचं चुकलं असं म्हणता येत नाही, कारण ती पडेल असं ते म्हणालेच नव्हते.

दादा माझ्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ. नवऱ्याचं नाव नामदेव. पूर्वी नाव घ्यायची लाज वाटायची, आता वाटत नाही. आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनाकडं, पायवाटेनं चालत जाण्याइतकं जवळ. निजामाच्या काळात दादा त्याच स्टेशनावरून गाडीत बसले आणि तेलंगणात कोळशाच्या खाणीत कामाला लागले. उमेद होती तोवर तिकडंच राहिले. बायको तिकडंच वारली. मूलबाळ नव्हतं. मोठ्या दुष्काळाच्या जरा आधी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आले आणि आमच्या घराला लागून असलेल्या त्यांच्या बापाच्या खोलीत राहायला लागले. खोलीत खाट भिंतीला लावली नाही, मधोमध टाकली. त्यामुळं आत जाणाऱ्याला खाटेला वळसा घालून फिरावं लागायचं. तसं आत जाणारं कोणी नव्हतंच.

आमच्याकडं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बाईनं बोलायचं नसतं. समोर आला तर पदर पुढं ओढायचा आणि बाजूला व्हायचं. धर्म बदलला, देव टाकले, पण ही रीत आम्ही टाकली नव्हती. दादांची भाकर मात्र माझ्याकडं होती. मग बोलायचं कसं? दादांची एक शेळी होती, चंद्री. आमचं सगळं बोलणं चंद्रीशी व्हायचं.

"चंद्रे, तुझ्या धन्याला सांग, भाकर झाकून ठेवली हाय."

दादा आतून म्हणायचे, "चंद्रे, तिला सांग, कालची भाकर लय जाड झाली होती."

"चंद्रे, सांग की, ज्याला पातळ लागती त्यानं सवताच्या हातानं थापावी."

दादा हसले का रागावले ते मला कळायचं नाही, कारण मी तोंड वर करून बघायचे नाही. पदराखालून मला त्यांचे पाय तेवढे माहीत होते. पायाच्या नखांत कोळशाची काळी रेघ कायमची बसली होती.

त्यांची एक सवय सगळ्यांना खुपायची. बोलता बोलता ते मध्येच थांबायचे आणि कान द्यायचे. समोरच्याला वाटायचं आपलं काही चुकलं. दोन-चार वेळा असं झालं की माणूस उठून जायचा. दादा त्याला बस म्हणायचे नाहीत.

खाणीतलं त्यांचं काम काय होतं ते मला बरेच दिवस कळलं नाही. मला वाटायचं कोळसा फोडत असतील. ते कळलं तेही चंद्रीमुळंच. एका दुपारी मी दारात दाणे निवडत बसले होते, नामदेव आणि वस्तीतले दोघे-तिघे दादांच्या ओट्यावर होते. दादा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होते, त्यामुळं मला ऐकायला हरकत नव्हती.

जमिनीखालचा कोळसा काढून झाला की ती जागा तशीच सोडून देतात. तिथं पाणी भरतं. शेजारी नवं काम चालू असतं, माणसं खपत असतात. मधल्या वाटेत जाड भिंत बांधून ते पाणी अडवून धरायचं. दादांचं काम त्या भिंतीपाशी. टोपीला दिवा लावून जायचं, भिंत ठोकायची, पाझर कुठून येतो ते बघायचं, पाझराचं पाणी लोट्यात घेऊन दिव्यासमोर धरायचं. निवळ असलं तर ठीक. गढूळ झालं तर मागून माती सुटायला लागली. मग वर येऊन सांगायचं, आज माणसं उतरवा, का नका उतरवू.

"भित सहसा फुटत न्हाई," दादा म्हणाले. "भित चांगली बांधलेली असती. बगल सुटती. भित जिथं दगडात शिरती तिथून पाणी वाट काढतंय."

"मग तुमच्या भितीची बगल सुटली का कव्हा?" नामदेवनं विचारलं.

"एक डाव पाझर गढूळ आला. मी सांगितलं, उतरू नका. काम बंद पडलं. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी गडी माझ्या अंगावर आले. मग सायबानं मला तिथून काढलं आन् वर दिवे पुसायला बशिवलं."

"आन् भित?"

"काय की."

"म्हंजी? पडली का ऱ्हायली?"

"माझं काम दुसरीकडं होतं. पुढं ती खाणच बंद झाली, आमाला दुसऱ्या खाणीवर नेलं."

"आवो पण कुणाला इचारायचं तरी."

"इचारलं न्हाई," दादा म्हणाले आणि शेळी सोडायला उठले.

ओट्यावरच्या माणसांचा विरस झाला. एवढी गोष्ट ऐकली आणि तिला शेवट नाही. एकजण जाताना म्हणाला, "ह्यो माणूस काय खरं सांगायला न्हाई." मला मात्र ते खरं वाटलं. खोटं सांगणाऱ्यानं शेवट तरी नीट केला असता.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा दुष्काळ आमच्याकडं ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. वस्तीची विहीर आमच्या माणसांनी स्वतःच्या हातानं खोदलेली होती, नाल्याच्या काठाला. ती कोरडी पडली. तेव्हा तिच्या तळातून नाल्याच्या अंगाला आडवा बोगदा मारला, माणूस वाकून जाईल एवढा. आत पाणी लागलं. फार नाही, पण वस्तीला प्यायला पुरेल एवढं. ते पाणी सगळं तळात उतरायचं, मग विहीर आणखी खोल खोदता येईना. दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरनं सांगितलं, बोगद्याच्या तोंडाला दगड-सिमेंटची भिंत घाला, पाणी आत साठू द्या, भिंतीत लोखंडी नळी बसवा. नळीवर घागरी भरतील आणि खाली खोदकामही चालेल.

भिंत बांधताना दादा दिवसभर तिथं उभे. गवंड्याला म्हणायचे, दोन्ही बगलांना दगडात खाच घे, भिंत आत शिरू दे. गवंडी वैतागला. पण खाचा घेतल्या. तिथून पुढं रोज सकाळी कामावरची माणसं उतरायच्या आधी दादा एकटे खाली जायचे. ठोकायचे, कान लावायचे, लोट्यात पाणी घ्यायचे, वर येऊन उन्हात धरून बघायचे. मग म्हणायचे, "आज उतरा." त्यांना कुणी हे काम दिलं नव्हतं. पण माणसंही थांबायला लागली. दादांनी सांगितल्याशिवाय पहिली शिडी कुणी उतरायचं नाही. त्या वर्षात दादा मला जरा ताठ चालताना दिसायचे. म्हणजे पाय तरी तसे पडायचे.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. वरच्या अंगाला दुष्काळी कामावर आम्हीच माती वाहून पाझर तलाव केला होता, तो भरला. त्याचं पाणी जमिनीतून झिरपत नाल्याकडं यायला लागलं आणि बोगद्यात जोर वाढला. नळीची धार आधी भिंतीच्या पायाशीच पडायची. आता ती लांब जायला लागली आणि खाली खोदणाऱ्यांच्या पाठीवर पडायला लागली.

विहिरीत तेव्हा काळ्या दगडाचा एक थर राहिला होता. तो निघाला असता तर विहीर पुन्हा कधी आटली नसती, असं सगळे म्हणत होते. आणि तो तेव्हाच काढायला हवा होता, कारण तळातूनही पाणी सुटायला लागलं होतं. थोडे दिवस गेले असते तर विहीर भरली असती आणि थर तसाच राहिला असता. नामदेव खाली पहारीवर होता, बोगद्याच्या बरोबर खाली. मी पाट्या वाहणाऱ्या बायांत. भिंत सुटली असती तर खालचं कुणी वर आलं नसतं. शिड्या अरुंद होत्या.

गयाबाईला ती धार बघवायची नाही. वर्षभर एकेका तांब्यासाठी तरसलेली बाई ती. आता पाऊस झाला होता, नाल्याला पाणी होतं, पण नळीतून पाणी चिखलात पडताना दिसलं की तिचा जीव तुटायचा. एका संध्याकाळी काम सुटल्यावर तिनं बाभळीची खुंटी चिंधी गुंडाळून नळीत ठोकून बसवली. वर येऊन आम्हाला सांगितलं, "रातभर वाया जायलं होतं, केलं बंद." आम्ही सगळ्या बाया म्हणालो, बरं केलंस. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नळी घागरी भरायलाच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. भिंतीवरचा भार हलका करायला ती आहे हे दादांना माहीत होतं, आणि आम्हालाही माहीत असेल असं त्यांना वाटत होतं.

सकाळी दादा उतरले आणि लवकर वर आले नाहीत. आले तेव्हा हातात लोटा होता. पाणी तांबडं, गढूळ. ओली खुंटी त्यांनी कट्ट्यावर ठेवली.

"आज न्हाई," म्हणाले.

टोळीचा मुकादम किशन म्हणाला, "दादा, आज न्हाई म्हणून चालतंय का? तळाचं पाणी चढायलंय."

"पाणी गढूळ हाय."

"खुंटी काढल्यावर ढवळून येणारच की."

"तसं बी आसंल."

"मग?"

"तसं बी आसंल, न्हाई तर बगल सुटायली आसंल. कशानं गढूळ हाय ते मला कळंना. कळलं आसतं तर सांगितलं आसतं. म्हणून न्हाई म्हणतो."

त्या दिवशी काम राहिलं. माणसं घरी गेली, पण जाताना बोलत गेली. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं, आदल्या दिवसापेक्षा कमी. दादा पुन्हा नाही म्हणाले. दुपारी ओव्हरसियर सायकलवर आला. तरणा होता, बोलायला चांगला. स्वतः खाली उतरला, भिंत मोजली, बगला बघितल्या. वर येऊन म्हणाला, "माझ्या हिशेबानं भिंत टिकते. सुरुंग लहान लावा. पण काकांना शंका असेल तर एक-दोन दिवस थांबलेलं बरं."

"सायब, एक-दोन दिवसांत थर पाण्याखाली जाईल," किशन म्हणाला.

"ते तुम्ही ठरवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कट्ट्यावर जमलो. दादा लोटा उन्हात धरून उभे होते. पाणी जरासं पिवळट, धड गढूळ नाही, धड निवळ नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्याला भितीचं याड लागलंय." दुसरं म्हणालं, "खाणीतून बी ह्याच्यासाठीच हाकललं आसंल." दादांनी ऐकलं. त्यांना सगळं ऐकू यायचं.

"काय दादा?" किशननं विचारलं.

"मी उतरा म्हणणार न्हाई."

किशन खांद्यावर पहार टाकून शिडीकडं गेला. त्याच्या मागून एकेक जण. नामदेवही गेला. भावाकडं बघितलं नाही. मग बायांची पाळी आली आणि बाया जागच्या हलेनात. मी पाटी घेऊन दादांच्या पुढं गेले. चंद्री तिथं नव्हती. पदर मागं सरकला होता तो मी ओढला नाही.

"दादा, मी उतरू का?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. गयाबाईनं तोंडाला पदर लावला. मी लग्न होऊन आल्यापासून दादांचं तोंड असं समोरून बघितलं नव्हतं. डोळे बारीक होते, उन्हाला न सरावलेले.

ते म्हणाले, "तुझं मला सांगता येत न्हाई, बाई. मी उतरायलाव."

त्यांनी लोट्यातलं पाणी ओतलं, लोटा कट्ट्यावर ठेवला आणि शिडीला लागले. मीही मागून उतरले. नामदेव खाली होता. वर बसून मी काय करणार होते?

बोगद्याच्या तोंडाशी दगडाचा एक टप्पा होता. दादा तिथं भिंतीला पाठ लावून बसले. एक हात मागं नेऊन भिंत जिथं खडकात शिरत होती तिथं टेकवला. नळीची धार त्यांच्या मांडीजवळून जात होती. दिवसभर तसेच बसले. सुरुंगाच्या वेळी सगळे वर यायचे, दादा सगळ्यांत शेवटी यायचे आणि धूर हटायच्या आत पहिले उतरायचे. मग पुन्हा तिथंच. थर निघेपर्यंत रोज असंच चाललं. सकाळचं 'आज उतरा' बंद झालं. कुणी विचारतही नव्हतं.

त्या दिवसांत आम्ही बोलायला लागलो. भाकर मी टप्प्यापाशीच नेऊन द्यायचे. एकदा विचारलं, "दादा, हाताला काय कळतंय?"

"थरथर आधी येती. पाणी मागून येतंय."

"मग तुमी वरडणार?"

"हां."

"तुमी कव्हा निघणार मग?"

"मी वरडणार. निघायचं ते तुमी निघा."

मी भाकर त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी एकाच हातानं खाल्ली.

आणखी एकदा मी विचारलं, खाणीत त्या भिंतीपाशी भीती वाटायची नाही का. ते म्हणाले, "भ्या न्हाई वाटायचं. कटाळा यायचा. दुसरं माणूसच नसायचं. माणसाचा आवाज कानी पडला तर तो वरून हाक मारणाऱ्याचा."

"मग भितीशी बोलायचे काय?"

"तिला आवाज देऊन कसं चालंल? तिचं ऐकायचं हाय ना."

थर निघाला. शेवटची पाटी वर आली तेव्हा गूळ वाटला. किशन विहिरीत वाकून म्हणाला, "या वर दादा, तुमची भित काय पडली न्हाई बुवा." माणसं हसली. वाईट मनानं नाही. सुटल्यासारखी हसली.

"न्हाई पडली," दादा खालून म्हणाले.

ती भिंत पडणार होती का, मला माहीत नाही. खुंटी तशीच राहिली असती तर पडली असती का, तेही नाही. दादा तिथं बसल्यानं काही झालं असेल असं मला वाटत नाही. माणसाच्या पाठीनं पाणी अडत नाही. पण त्या दिवसांत नामदेव खाली पहार मारताना मी पाटी घेऊन चढायचे, तेव्हा वरून एकदा टप्प्याकडं बघायचे. ते बसलेले दिसले की पुढची पायरी चढायचे.

विहीर भरत आली. सकाळी थांबायला आता कुणी नव्हतं. ज्याला पाणी लागेल तो येऊन काढून न्यायचा. दादा घरातच असायचे. आणि आमचं बोलणं पुन्हा बंद झालं. कुणी बंद करा म्हणालं नाही. नामदेवही म्हणाला नाही. विहिरीतून वर आलो, मी पदर पुढं घेतला, तो तसाच राहिला. पुन्हा चंद्री मध्ये आली. "चंद्रे, भाकर ठेवली." "चंद्रे, हां म्हण." जाडपातळचं मात्र कुणी काढलं नाही.

पुढं दादा परत तेलंगणाकडं गेले. कुणापाशी, कशाला, ते सांगितलं नाही. नामदेवनं स्टेशनावर जाऊन गाडीत बसवून दिलं. नंतर कुणा येणाऱ्याजाणाऱ्याकडून ते वारल्याचं कळलं, कधी ते नीट कळलं नाही.

मला ते शेवटचे दिसले ते जाण्याच्या आदल्या दिवशी, विहिरीवर. ऊन डोक्यावर आलं होतं आणि पाण्याला दुसरी बाई आलेली नव्हती. दादा कट्ट्यावर ओणवे होऊन खाली बघत होते. पाणी बोगद्याच्या बरंच वर चढलं होतं. भिंत, नळी, तो टप्पा, काही दिसत नव्हतं. मी लांब थांबले. ते बाजूला होतील असं वाटलं, पण झाले नाहीत. मग मी पुढं होऊन दोर सोडला.

"आता तिच्यावर भार न्हाई," दादा म्हणाले. वर बघितलं नाही. "दोन्ही अंगाला सारखं पाणी हाय. आता ती पडत नसती."

आजच्यापुरतं न सांगता त्यांनी एवढं एकच सांगितलेलं मी ऐकलं. ते कुणाला सांगितलं ते मला कळलं नाही. शेळी नव्हती तिथं.

घागर भरली. मोठी घागर होती, डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागायचा. मी दादांच्या पायांकडं बघत उभी राहिले. ते पाय एकदा माझ्याकडं वळले, मग जागच्या जागी थांबले. भासऱ्यानं घागरीला हात लावायचा नसतो आणि मी लावा म्हणायचं नसतं. रस्त्यावर कुणी येतंय का बघितलं. कुणी नव्हतं.

मग मी अर्धं पाणी ओतून दिलं, घागर एकटीनं उचलली आणि घरी आले. वळणावरून बघितलं तर दादा अजून उभेच होते.